चित्रातील हरीण आणि हातातील कुंचला

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रेल्वे स्थानकातून दररोज लाखो माणसे ये-जा करतात. गाडी गाठण्याच्या घाईत फारच थोड्यांची नजर वर जाते. ती गेली, तर तेथे एक निराळेच प्राणिविश्व दिसते. कमानींच्या कोनांत आणि खांबांच्या माथ्यांवर मोर आहेत, माकडे आहेत, पानांआडून डोकावणाऱ्या खारी आहेत. पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणारी जनावरांची मुखे आहेत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात ही इमारत उभी राहिली आणि तिच्या कोरीव सजावटीचे पुष्कळसे काम मुंबईच्या कलाशाळेतील, म्हणजे आजच्या सर ज. जी. कलाशाळेतील, विद्यार्थ्यांनी केले. प्रवेशद्वारावरचे सिंह आणि वाघ मात्र थॉमस अर्प या शिल्पकाराचे. याच कलाशाळेत १८६५ ते १८७५ या काळात शिकविणारे जॉन लॉकवुड किपलिंग यांनी पुढे १८९१ साली भारतातील पशू आणि माणसे यांच्या नात्यावर एक सचित्र ग्रंथच लिहिला. प्राण्यांकडे पाहण्याची सवय त्या शाळेच्या वातावरणातच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या विद्यार्थ्यांपुढे ‘पर्यावरण’ हा विषय नव्हता. तो शब्दही त्या काळी कोणाच्या ओठी नव्हता. दगडातून खार काढावयाची, तर खार शेपूट कशी उचलते, पुढचे पाय कसे जुळविते हे ठाऊक असणे भाग होते, एवढेच. तरीही त्यांनी घडविलेले प्राणी सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर जिवंत वाटतात. आज परिस्थिती नेमकी उलटी झाली आहे. विषय सर्वत्र आहे. पाहणे कमी झाले आहे.

कोणत्याही कलामहाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात फेरफटका मारला, तर प्राणी आणि पर्यावरण यांवरील प्रकल्पांची संख्या डोळ्यांत भरते. ही आनंदाची गोष्ट आहे. एकेकाळी स्थिरचित्र, निसर्गचित्र आणि व्यक्तिचित्र या तीन खोल्यांतच फिरणारा विद्यार्थी आता वितळणाऱ्या हिमनगाचा, जळणाऱ्या जंगलाचा, समुद्रातील प्लॅस्टिकचा विचार करू लागला आहे. परंतु प्रदर्शनातील दहा भित्तिपत्रके पाहून झाली, की अकरावे न पाहताच सांगता येते. वाघाच्या डोळ्यातून अश्रू ओघळतो. पृथ्वीच्या तोंडात तापमापक असतो. झाडाच्या बुंध्याचा माणूस होतो आणि त्याला कुऱ्हाडीचा घाव बसून रक्त वाहते. या चित्रांमागील भावना खोटी नसते, पण ती उसनी असते. रडणारा वाघ विद्यार्थ्याने कधी पाहिलेला नसतो, कारण वाघ रडत नाही. माणसाचे रडे त्याने वाघाच्या चेहऱ्यावर चिकटविलेले असते.

याउलट, मुंबईतील चित्रकलेचे विद्यार्थी कित्येक वर्षे भायखळ्याच्या राणीच्या बागेत रेखाटनासाठी जात आले आहेत. तेथे हाती वही घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला पहिला धडा प्राणीच देतात: ते स्थिर उभे राहत नाहीत. पाणघोडा पाण्यातून नाक वर काढतो आणि रेघ पुरी होण्यापूर्वी बुडी मारतो. माकड तर मुळीच दया दाखवीत नाही. पन्नास अर्धवट रेघांनंतर कोठे एक पाठ, एक मान, एक वळण हाती लागते. या पन्नास रेघांत विद्यार्थ्याला जे कळते, ते घोषवाक्यातून कळत नाही. पिंजऱ्यात गोल गोल फिरणाऱ्या, एकाच जागी मान हलवीत राहणाऱ्या जनावराची अस्वस्थता पहिल्यांदा त्याच्या पेन्सिलीला कळते. कारण तीच रेघ पुन्हा पुन्हा काढावी लागते. पर्यावरणविषयक चित्राची सुरुवात अशा ठिकाणी व्हावयास हवी.

न पाहण्याचा आणखी एक परिणाम विषयांच्या निवडीत दिसतो. वाघ, हत्ती, मोर आणि अलीकडे ध्रुवीय अस्वल यांच्या वाट्याला शेकडो चित्रे येतात. गिधाडाच्या वाट्याला किती येतात? १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत तर १५ वर्षांत शंभरातले एकही धड उरले नाही. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याचे कारण असल्याचे २००४ साली सिद्ध झाले. ते औषध दिलेले जनावर मेले, की त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत असे. २००६ साली भारत सरकारने पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी घातली. गावाबाहेर मेलेली गुरे साफ करणारा एवढा मोठा कामकरी पक्षी एका पिढीच्या डोळ्यांदेखत संपत आला, पण त्याची भित्तिपत्रके झाली नाहीत. टक्कल पडलेल्या मानेचा, मढ्यावर बसणारा पक्षी ‘सुंदर’ नाही, हे त्याचे उघड कारण. ज्या विद्यार्थ्याला गिधाडाच्या पंखांतील तपकिरी आणि राखाडी छटांची वीण दिसेल, त्याने काढलेल्या एका चित्राचे मोल रडणाऱ्या वाघांच्या शंभर चित्रांहून अधिक ठरेल.

नीट पाहून काढलेल्या चित्राचे सामर्थ्य काय असते, याचे एक जुने उदाहरण आपल्याच देशात आहे. मोगल बादशहा जहांगीर याला दुर्मीळ पशुपक्ष्यांचे विलक्षण वेड होते. १६१२ साली त्याचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून काही अनोळखी प्राणी आणले, तेव्हा बादशहाने त्यांचे नुसते वर्णन न लिहिता चित्रकारांकडून चित्रेही काढून घेतली. त्याच्या दरबारातील उस्ताद मन्सूर हा या कामातील श्रेष्ठ चित्रकार. मन्सूरने काढलेले सायबेरियन क्रौंचाचे चित्र कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. त्याच्या चेहऱ्याची तांबडी त्वचा, पायांवरील खवले, पंखांची ठेवण इतकी बिनचूक आहे, की पक्षितज्ज्ञही ते चित्र पुरावा म्हणून पाहतात. हा पक्षी पुढे कित्येक पिढ्या हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत उतरत राहिला. २००२ नंतर तो तेथे दिसलेला नाही. मन्सूरने पर्यावरणावर एकही संदेश लिहून ठेवला नाही. त्याने पक्षी ठेवला.

मात्र याच ठिकाणी एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. मोगल शैलीतील ती केसासारखी बारीक रेघ ज्या कुंचल्याने काढली जाई, तो खारीच्या शेपटीच्या केसांचा असे. म्हणजे एका प्राण्याचे सौंदर्य कागदावर उतरविण्यासाठी दुसऱ्या प्राण्याचे अंग कामी येत होते. राजदरबारातील मूठभर चित्रकारांच्या काळात ही गोष्ट लहान होती. आज ती लहान राहिलेली नाही, आणि आज तिच्या केंद्रस्थानी खार नसून मुंगूस आहे.

जलरंगात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला चांगल्या ब्रशाची पारख लवकर होते. ब्रशाने पाणी धरून ठेवावे, ओला झाल्यावर त्याचे टोक एकवटावे, दाबल्यावर वाकावे आणि सोडल्यावर सरळ व्हावे, त्याचे केस कागदावर गळू नयेत. मुंगसाच्या केसांत हे सारे गुण आहेत आणि म्हणूनच या निरुपद्रवी प्राण्यावर संकट ओढवले आहे. दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट असे हे केस जाणत्याला ओळखू येतात. दुकानदार ते पुष्कळदा ‘नैसर्गिक केस’ एवढ्याच नावाखाली विकतो. कधी तेवढेही सांगत नाही. मुंगूस फासात धरून मारले जाते आणि मग त्याचे केस उपटले जातात. एका मुंगसापासून ब्रशाला उपयोगी असे केस थोडेच मिळतात. त्यामुळे किलोभर केस म्हणजे कितीतरी मुंगसे, हा हिशेब कोणासही करता येईल.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ या कायद्याने मुंगसाला संरक्षण दिले आहे. त्याची शिकार करणे, त्याच्या केसांचा व्यापार करणे, एवढेच नव्हे तर तसे ब्रश बाळगणे हाही गुन्हा आहे. तरीही व्यापार थांबला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने निरनिराळ्या राज्यांत एकाच वेळी धाडी घातल्या. ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ असे त्या मोहिमेचे नाव होते. हजारो ब्रश आणि शंभर किलोंहून अधिक कच्चे केस तीत जप्त झाले. ज्या ब्रशांनी जंगले रंगवावयाची, ते ब्रश जंगलाच्या गुन्ह्याचा मुद्देमाल म्हणून पोत्यांत भरले गेले.

मुंगूस हा काही घनदाट अरण्यातला अपरिचित जीव नव्हे. तो शेताच्या बांधावर, गावकुसाच्या भिंतीशी, घरामागच्या काटेरी झुडपांत राहतो; उंदीर, विंचू आणि साप खाऊन शेतकऱ्याला मदतच करतो. महाराष्ट्रात मुंगूस आडवे जाणे शुभ मानतात आणि पूर्वी खेड्यातील मुले त्याने वळून तोंड दाखवावे म्हणून त्याला साद घालीत. पंचतंत्रातील कथा तर घरोघरी माहीत आहे. तान्ह्या बाळाला सापापासून वाचविणारे मुंगूस रक्ताळलेल्या तोंडाने दारात येते, त्यानेच बाळाला मारले अशा समजुतीने आई त्याच्यावर घाव घालते, आणि आत जाऊन पाहते तो बाळ सुखरूप असते. त्या आईला निदान पश्चात्ताप झाला. कारण मेलेले मुंगूस तिच्या उंबऱ्यावर पडले होते. ब्रश विकत घेणाऱ्याच्या उंबऱ्यावर काहीच पडलेले नसते. त्याच्यासमोर असते ती एक लाकडी दांडी, तिच्यावर धातूची चकचकीत पट्टी आणि पुढे रेशमासारखे टोक.

कलासाहित्याचा इतिहास पाहिला, तर हे नवे नाही. ज्याला युरोपीय चित्रकार ‘भारतीय पिवळा’ म्हणत आणि आपल्याकडे प्यूरी म्हणत, तो तेजस्वी रंग एकेकाळी लघुचित्रांतही वापरला जाई. १८८३ साली त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी बिहारमधील मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी जाऊन तो कसा बनतो ते पाहिले आणि लंडनला कळविले. तेथील गवळी गाईंना केवळ आंब्याची पाने आणि पाणी देत आणि त्यांचे मूत्र आटवून रंग करीत. अशा गाई कृश आणि रोगट दिसत. विसाव्या शतकाच्या आरंभी हा रंग बाजारातून गेला. पिवळ्या रंगावाचून चित्रकला मात्र अडली नाही.

ब्रशाच्या बाबतीत असे म्हणताच दोन आक्षेप पुढे येतात, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप ब्रश बनविणाऱ्या कारागिरांचा. उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यातील शेरकोट हे गाव ब्रशांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे कित्येक घरांची चूल याच धंद्यावर पेटते. बंदीचा दंडुका त्यांच्याच पाठीवर बसतो आणि शहरातला ग्राहक नामानिराळा राहतो, ही तक्रार खोटी नाही. परंतु हे कारागीर डुकराच्या राठ केसांचे आणि कृत्रिम धाग्यांचे ब्रशही बनवितात. गिऱ्हाइकाने मुंगसाच्या केसांचा हट्ट सोडला, तर कारागिराचा हात रिकामा होत नाही. मागणी कलामहाविद्यालयांच्या वर्गांतून येते. तेव्हा बदलही तेथूनच सुरू व्हावा हे न्यायाचे होईल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कृत्रिम ब्रश म्हणजे नायलॉन, आणि नायलॉन म्हणजे प्लॅस्टिकचेच भावंड. ॲक्रिलिक रंग हेही वाळल्यावर प्लॅस्टिकच. मुंगूस वाचवून समुद्रात प्लॅस्टिकची भर घालावयाची काय? या प्रश्नाला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव कोणी आणू नये. एवढे मात्र खरे, की नायलॉनचा ब्रश नीट धुऊन, टोक जपून वापरला तर वर्षानुवर्षे टिकतो. रंगाचे गढूळ पाणी मोरीत न ओतता गाळ खाली बसू देता येतो आणि तो वेगळा काढता येतो. मारलेले मुंगूस मात्र कोणत्याही काळजीने परत आणता येत नाही. दोन दोषांतील हा फरक ध्यानात घ्यावाच लागेल.

शिवाय ब्रश म्हणजे केसच हवेत, हाही एक पढीक समज आहे. पालघर जिल्ह्यातील वारली बायका लग्नाचा चौक लिहिताना तांदळाच्या पिठाचे पाणी आणि चावून टोक मऊ केलेली बांबूची काडी वापरीत आल्या. भिंत शेणामातीची, तिच्यावर हात गेरूचा. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी हीच चित्रभाषा कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतील मासे, मुंग्या, कोंबड्या, बैल यांना डोळ्यांत अश्रू नाहीत, चेहरेही जवळजवळ नाहीत. दोन त्रिकोण आणि चार रेघांत जनावराची चाल उतरते. आजची बाजारातील वारली चित्रे बहुधा डबीतल्या रंगांनीच काढलेली असतात, ही गोष्ट वेगळी. पण चावलेल्या काडीने उत्तम चित्र निघते, हे त्या भिंतींनी सिद्ध करून ठेवले आहे.

साधनांचा हा विचार ‘टाकाऊतून टिकाऊ’ या लाडक्या प्रकाराकडेही वळवावयास हवा. पुष्कळ विद्यार्थी बाजारातून प्लॅस्टिकच्या नव्या चमच्यांची पुडकी आणतात, ती डिंकाने जोडतात, फवाऱ्याच्या रंगाने निळी-हिरवी करतात आणि त्या मोराखाली ‘प्लॅस्टिक हटवा’ असे लिहितात. प्रदर्शन संपले, की मोर कचराकुंडीत जातो. थर्माकोलची पृथ्वी आणि थर्माकोलचाच हिमनग हे याच जातीचे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा अनेकांना ती केवळ गणेशोत्सवाच्या मखरांसाठी आहे असे वाटले. कलावर्गातील टेबलाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

खऱ्या टाकाऊतून काय उभे राहते ते चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये पाहावे. नेकचंद सैनी हे तेथील सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता-निरीक्षक होते. कोणत्याही कलाशाळेत ते शिकले नव्हते. नवे शहर बांधताना जुन्या खेड्यांचा जो राडारोडा निघाला, त्यातील दगड, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, फरश्यांचे कपचे त्यांनी नोकरीनंतरच्या वेळात सायकलवरून वाहून नेले आणि १९५७ पासून कित्येक वर्षे गुपचूप एक जग रचले. त्या जगात माणसांच्या रांगा आहेत, तशाच पक्ष्यांच्या आणि माकडांच्याही. १९७५ साली सरकारी अधिकाऱ्यांना ते सापडले. परवानगीवाचूनचे बांधकाम म्हणून पाडलेही गेले असते. सुदैवाने ते वाचले आणि १९७६ साली लोकांसाठी खुले झाले. नेकचंद यांनी चमचे विकत आणले नाहीत. जे फुटलेले होते तेच त्यांनी उचलले, आणि म्हणून त्या बांगड्यांच्या अंगावर पूर्वी कोणाच्या तरी हातात असल्याची खूण अजून दिसते. प्राण्यांवर प्रकल्प करू इच्छिणाऱ्या, पण महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या माणसाला यापेक्षा मोठा दाखला कोणता हवा?

कलाशिक्षणाच्या व्यवस्थेला यात करण्यासारखी एक अगदी साधी गोष्ट आहे. प्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली एक चिठ्ठी असते. तिच्यावर शीर्षक, विद्यार्थ्याचे नाव आणि ‘माध्यम: जलरंग’ किंवा ‘माध्यम: कॅनव्हासवर तैलरंग’ असे लिहिलेले असते. त्याच चिठ्ठीवर आणखी एक ओळ वाढवावी: ब्रश कशाचा, आधार कशाचा, आणि मांडणीशिल्प असेल तर प्रदर्शनानंतर त्याचे काय होणार. परीक्षकांनी त्या ओळीलाही गुण द्यावेत. यासाठी नवा अभ्यासक्रम नको, निधी नको. सुरुवातीला काही विद्यार्थी ती ओळ कोरी ठेवतील. काहींना आपल्या ब्रशाचे केस कोणाचे, हे खरोखरच ठाऊक नसेल. ते दुकानात जाऊन विचारतील. दुकानदार आधी हसेल, मग ‘कोणास ठाऊक’ म्हणेल, आणि पाच-सहा विद्यार्थ्यांनी लागोपाठ तेच विचारल्यावर माल भरताना तो स्वतः घाऊक व्यापाऱ्याला विचारील.